खिडकीतले दोन श्रीरंग

"घेऊ की नको, बाबा? एवढंच सांगा."

श्रीरंगनं तिसऱ्यांदा विचारलं.

लतीफबाबा चिमण्यांच्या मातीच्या परळात पाणी ओतत होते. परळ भरलं, काठावरून सांडायला लागलं, तरी ते आपले ओततच राहिले.

"बाबा... पाणी वाया चाललंय."

"चिमणीला कुठं ठाऊक आहे वाया काय ते. ती सांडलेल्यातच आंघोळ करते."

सकाळचे अकरा वाजत आले होते. टेकडीवरच्या या दर्ग्याची झाडलोट बाबा सहा वर्षं करत होते. त्याआधी चाळीस वर्षं खाली बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. अख्ख्या गावाचे चेहरे त्यांनी काळ्या-पांढऱ्यात धरून ठेवले होते. श्रीरंग कॉलेजात असताना त्यांच्याकडेच शिकला. आता पुण्यात त्याची दोन प्रदर्शनं झाली होती, पेपरात नाव आलं होतं, आणि तेव्हापासून त्याची मान जरा ताठच असायची.

पण एक गोष्ट अजून जमली नव्हती.

वर्षभर दर गुरुवारी तो बाबांचा फोटो काढायचा आणि पुढच्या गुरुवारी त्यांच्या हातात आणून द्यायचा. बाबा तो उजेडाला धरायचे, नाकाजवळ आणून बघायचे आणि परत द्यायचे.

"मी नाही आलो यात."

दर वेळी तेच. रागानं नाही, खोचून नाही. पाऊस नाही आला म्हणावं तसं.

आणि आजचा गुरुवार शेवटचा. भिंतीपाशी दोरीनं बांधलेली पत्र्याची ट्रंक तयार होती. संध्याकाळी पाचच्या गाडीनं बाबा बार्शीला लेकीकडे निघाले होते, कायमचे.

"कोल्हापूरच्या दुकानदारानं नव्या कॅमेऱ्याचा एकच नग बाजूला ठेवलाय," श्रीरंग म्हणाला. "अकराला फोन करतो म्हणालाय. हो म्हटलं की लगेच निघतो. हा जुना त्याला देऊन नवा घेतो, आणि साडेतीन-चारपर्यंत परत तुमच्यासमोर. एकच फोटो काढतो. नव्यानं."

"आणि गाडी पंक्चर झाली तर?"

"नाही होत हो."

"बरं, नाही होत." बाबा खाली बसले. "काय आहे त्या नव्यात? सांग की. मला पण कळू दे."

बाबांनी असं विचारलं की श्रीरंगला बरं वाटायचं. तो पायरीवरच सरसावून बसला. बाबा बसले होते त्या चौथऱ्याला पाच पायऱ्या. वर चपला चालत नाहीत, आणि श्रीरंगच्या पायात नाड्यांचे उंच बूट. सोडायला वेळ, बांधायला त्याहून वेळ. म्हणून तो कायम पायरीवरच. पहिल्या गुरुवारी बाबा म्हणाले होते, वर ये. "इथनंच बरं दिसतंय," असं तो बोलला होता. बाबांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

"अंधारातलं दिसतं बाबा नव्यात. सावलीतसुद्धा फोटोवर वाळूसारखे दाणे येत नाहीत. तुमच्या भुवईचा केस न् केस मोजता येईल."

"मोजून काय करणार?"

"तसं नाही हो..."

"बरं. रंग दिसतो?"

"रंग नाही. दोन्ही काळे-पांढरेच. जन्मतःच तसे. हा डिजिटल असला तरी याला रंग कळतच नाही."

बाबा खुदकन हसले. "म्हणजे हा काळा-पांढरा देऊन तू काळा-पांढरा आणणार."

"जास्त काळा आणि जास्त पांढरा," श्रीरंग म्हणाला, आणि त्यालाही हसू आलं.

"मग हा काय पाप करतो?"

"हा तुम्हाला आणत नाही."

एक चिमणी आली, सांडलेल्या पाण्यात पंख आपटून गेली.

"दे इकडं."

श्रीरंगनं गळ्यातला कॅमेरा काढून हात लांब करून दिला. बाबांनी भिंगावर फुंकर मारली आणि कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीला डोळा लावला.

"मधे तो चौकोन अजून आहे का रे?"

"आहे की. त्यातच तर सगळं. चौकोनात माणूस एकाचे दोन दिसतो. भिंगाचं कडं फिरवत राहायचं. दोघं एकमेकांवर बसले की फोटो नीट."

"माझ्या जुन्या कॅमेऱ्यात पण असंच होतं." बाबांनी कडं फिरवलं, पार टोकापर्यंत. मग त्यावरून हातच काढून घेतला.

"दोन दिसतोयस."

"फिरवा ना कडं."

"फिरवलं. टोकाला टेकलं."

"टोकाला म्हणजे अगदी हातभरावरचाच माणूस जुळणार. उलटं फिरवा, बाबा."

"नको."

"अहो, पण मी इथं लांब..."

"श्रीरंग दोन आहेत," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "एक इथला. एक कोल्हापूरला चाललेला."

आत काय दिसत असेल याची श्रीरंगला ओढ लागली. बाबा इतका वेळ कधी कुणाकडे बघत नसत. स्टुडिओतसुद्धा दोन वाक्यं बोलायचे आणि खटका दाबायचे.

तो एक पायरी वर आला.

"आता?"

"दोन."

आणखी एक पायरी. मग शेवटची. बुटाचं टोक चौथऱ्याच्या फरशीला लागलं आणि तो थांबला. कंबरेत वाकून त्यानं तोंड पुढं केलं.

"आता, बाबा?"

"जवळ आलेत... पण नाकाला नाक लागेना."

खिशात फोन वाजायला लागला. त्यानं काढून बघितलं. दुकानदार.

फोन वाजत राहिला. श्रीरंगनं ट्रंकेकडे बघितलं. तिला बांधलेल्या दोरीची गाठ बघितली. परळातून सांडलेलं पाणी ओघळत फरशीच्या काठाशी, त्याच्या बुटाजवळ येऊन थांबलं होतं. त्या पाण्यात बाबा उलटे दिसत होते, कॅमेऱ्यासकट.

"बाबा, काय सांगू त्याला? घेऊ की नको?"

बाबांनी खिडकीवरचा डोळा काढला नाही.

फोन वाजायचा थांबला...

"बूट काढ."