कोबीच्या वाफ्यातला ट्राय

“म्हणजे आता त्याला मीच शिकवायचं? माझी जागा घेणाऱ्याला?”

कॅलम ओर्मिस्टनने हे विचारलं तेव्हा ब्रायडन मास्तर परसात कोबीवरच्या अळ्या वेचत होते.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचं ते लहानसं गाव. तिथली पोरं आधी रग्बीचा चेंडू धरायला शिकतात, मग चमचा. मास्तरांनी गावाच्या दोन पिढ्यांना तो चेंडू धरायला शिकवला होता. त्यांतला सगळ्यांत नावाजलेला कॅलम. पंधरा जणांच्या रग्बीत देशाकडून खेळला. सात जणांच्या रग्बीत, म्हणजे सेव्हन्समध्येही, देशाकडून खेळला. समोरच्याला हुलकावणी देऊन निसटण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

आता पस्तिशी उलटली होती. गुडघे कुरकुरत होते. महिनाभरात तो निवृत्त होणार होता, आणि देशाच्या सेव्हन्स संघात त्याच्या जागी फर्गस नावाचा पोरगा येणार होता. जाण्याआधी तुझी हुलकावणी त्याला शिकव, असं संघाच्या प्रशिक्षकांनी कॅलमला सांगितलं होतं.

“पोरगा कच्चा आहे?” मास्तरांनी विचारलं.

“कच्चा कसला! फार चांगला आहे. तेच तर दुखणं आहे.”

“मग?”

“मास्तर, तो नदीपलीकडचा आहे.”

मास्तरांच्या हातातली अळी हातातच राहिली.

नदीपलीकडचं गाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रतिस्पर्धी. त्यांच्याशी सोयरीक चालते, एका बाकावर बसून जेवणही चालतं. पण खेळातलं गुपित त्यांना सांगणं म्हणजे घरभेदीपणाच.

“देशाकडून खेळेल तेव्हा खेळेल,” कॅलम म्हणाला. “पण वसंतातल्या गावागावांच्या सेव्हन्स स्पर्धेत तो त्याच्या गावाकडून उतरणार. माझ्याच हुलकावणीनं आपल्याच पोरांना लोळवणार. लोक मला काय म्हणतील? मी नाही शिकवणार. उद्या तसं कळवून टाकतो.”

मास्तरांनी हातातली अळी बाजूला टाकली.

“बोला ना, मास्तर.”

“या खेळानं तुला काही कमी दिलं का रे?”

“छे!” कॅलमचा चेहरा एकदम खुलला. “सगळं दिलं. देशाचा पोशाख दिला, जगभरची मैदानं दाखवली, जिवाभावाची माणसं दिली. खरं सांगू? मी सुखी आहे. कसली म्हणून हळहळ नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. एवढा तृप्त माणूस मास्तरांच्या परसात बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

मास्तर हात झटकत उठले. अवजारांच्या खोपटातून एक जुना चेंडू घेऊन आले आणि कॅलमच्या हातात दिला.

“त्या वाफ्यापलीकडे चेंडू टेकवून ट्राय कर. मी अडवतो.”

“मास्तर, तुम्ही ऐंशीचे आहात.”

“मग काय, घाबरलास?”

कॅलम हसला. चार पावलं मागे गेला आणि सुटला. मास्तर हात पसरून आडवे आले. तो डावीकडे झुकला, उजवीकडून निसटला. मास्तरांच्या मिठीत नुसती हवा आली. कॅलमने वाफ्यापलीकडे चेंडू जमिनीला टेकवला. ट्राय झाला. कोबीचा एक गड्डा मात्र बळी गेला.

तो उठला. धापा टाकत, चेंडू पोटाशी घट्ट धरून, शाबासकीची वाट पाहत उभा राहिला.

मास्तर मात्र लंगडत परसाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले.

“आता काय, मास्तर?”

“ट्राय झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करायला किक कोण मारतं?”

“ज्यांच्यावर ट्राय झाला, ते.”

“ते पंधरांच्या खेळात. मी सेव्हन्सचं विचारतोय.”

“सेव्हन्समध्ये उलटं. ज्यांनी ट्राय केला, तेच मारतात.”

“कुणाकडे?”

“समोरच्यांकडे…”

कॅलम थांबला. खाली चेंडूकडे पाहिलं.

मास्तरांनी झेल घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

“मग पोटाशी धरून काय उभा राहिलास? मार की!”