ठिगळ्याचं कूळ

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारे शास्त्रीबुवा राहत होते. विद्या मोठी आणि काळजी त्याहून मोठी. दाराला कडी लावली की नाही, हे बघायला ते अर्ध्या वाटेवरून परत येत. कडी लावलेली दिसली, तरी ती नीट लागली असेल ना, म्हणून काढून पुन्हा लावत.

तीन वर्षांपूर्वी त्यांना पडक्या चुनाभट्टीत एक पिल्लू सापडलं होतं. त्याचे डोळेही नीट उघडले नव्हते. शास्त्रीबुवांनी ते उपरण्यात गुंडाळून घरी आणलं आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं. मोठं होत गेलं तसे त्याच्या अंगावर पांढरे, काळे, तांबूस पट्टे उमटले, उरल्यासुरल्या कापडांची गोधडी शिवावी तसे. म्हणून त्याचं नाव पडलं ठिगळ्या.

हा कुठल्या जातीचा, हे ठरवणं पारावरच्या मंडळींचा आवडता उद्योग होता.

"पाय बघा. शिकारी कुत्र्याचे आहेत."

"शेपूट मात्र कुंभारवाड्यातली."

"आणि हा एक कान उभा, एक पडका?"

"तो कुणाचाच नाही. उसना आणलाय."

शास्त्रीबुवाही हसत. रोज संध्याकाळी ते वाचायला बसले, की ठिगळ्या उघड्या पोथीवर हनुवटी टेकून झोपे. पान उलटायचं झालं, की ते ती हनुवटी हलकेच उचलत.

दरसाल सुगीच्या अखेरीस धनगर कळप घेऊन येत. मेंढ्या गावच्या शेतात बसत, जमिनीला खत मिळे, आणि पुढच्या वर्षी जोंधळा माणसाच्या डोक्यावर जाई. त्या वर्षी कळपाची मालकीण, एक म्हातारी धनगरीण, पारापाशी थांबली. ठिगळ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "ह्याचं डोळं लांडग्याचं हाईत." एवढं बोलून ती निघून गेली आणि तिने मेंढ्या ओढ्यापलीकडच्या माळावर बसवल्या.

गावात कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पाटील शास्त्रीबुवांकडे आले.

"बुवा, म्हातारी घाबरली. कळप शिवारात आणत नाही. तुम्ही शिकलेले आहात. पोथ्या बघा आणि येत्या सोमवारी सांगा, याच्यात लांडग्याचं रक्त आहे की नाही. असेल तर डोंगरापलीकडे सोडून येऊ. तुम्ही म्हणाल ते गाव मानेल."

शास्त्रीबुवांना या शेवटच्या वाक्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

त्यांनी पोथ्या काढल्या. त्यांत घोड्याची लक्षणं होती, हत्तीची होती, अंगावर पाल पडली तर काय होतं तेही होतं. ठिगळ्याबद्दल काही नव्हतं. मग त्यांनी स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. एका बाजूला भाकरी ठेवली, एका बाजूला हाडूक. ठिगळ्याने दोन्ही खाल्लं आणि ताटली चाटली. त्यांनी दाराआडून लांडग्यासारखं ओरडून पाहिलं. बुवांना बरं नाही असं वाटून ठिगळ्या धावत आला आणि त्यांचं तोंड चाटू लागला.

पण शंका एकदा घरात शिरली, की ती पाहुण्यासारखी उठून जात नाही. लांडगाही लबाड असतोच, असं शास्त्रीबुवांच्या मनात आलं. त्यांनी ठिगळ्याला अंगणात दोरीने बांधलं. भाकरी ते काठीने पुढे ढकलू लागले. सहाव्या दिवशी ठिगळ्या आयुष्यात पहिल्यांदा गुरगुरला.

शास्त्रीबुवा दोन पावलं मागे सरले. "अखेर रक्त बोललं," ते पुटपुटले.

सोमवारी सकाळी दारात घंटा वाजली. बैलावर बसून हेळवी आला होता. घराण्यांच्या वंशावळी सांभाळणं हे त्याचं पिढ्यान्पिढ्यांचं काम. वर्षातून एकदा यायचं, यजमानाचे पूर्वज मोठ्याने म्हणून दाखवायचे आणि सूपभर धान्य घेऊन पुढच्या दारी जायचं.

"या कुत्र्याचं कूळ सांगशील का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"कुत्र्याचं न्हाई, बुवा. तुमचं सांगतो की."

तो सुरू झाला. वडील, आजोबा, पणजोबा असा एकेक पिढी मागे जात तो सातव्या पिढीपाशी पोचला. राजाने शालजोडी दिलेले महापंडित ते हेच. दरवर्षी इथे शास्त्रीबुवा मान डोलवत आणि "पुरे" म्हणत. आज मात्र त्यांचं लक्ष अंगणातल्या दोरीकडे होतं. पुरे म्हणायचं राहून गेलं आणि हेळवी पुढे म्हणत राहिला.

"आठवा. नववा. आणि नवव्याचा बाप. नाव ठावं न्हाई, गाव ठावं न्हाई. दुष्काळात ओढा वलांडून आला. अंगात ताप, पोटात चार दिस काही न्हाई. गावानं भाकर दिली, पडवी दिली. पुढं त्यानं पोरांना अक्षरं शिकवली."

शास्त्रीबुवा दचकले. "हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुमी शालजोडीपाशी थांबवता. तुमचं वडील बी तितंच थांबवायचं."

"आणि त्याचा बाप कोण?"

"कुणी लिवलंच न्हाई. वहीत आल्यावरचं असतंय, बुवा. यायच्या आदीचं न्हाई."

"मग पाटलांच्या मुळाशी कोण आहे?"

हेळवी हसला. "ते पाटलांनी ईचारलं तर सांगीन."

दुपारी सगळं गाव पारावर जमलं. धनगरणीलाही बोलावणं गेलं होतं. शास्त्रीबुवा ठिगळ्याला दोरीने धरून आले आणि उभे राहिले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

एवढ्या विद्वानाच्या तोंडून हे शब्द गावाने पहिल्यांदाच ऐकले.

"सात दिवस शोधलं. लांडग्याचं रक्त असेलही. पण माझ्याकडे आल्यावर याने काय केलं, ते मला माहीत आहे. तीन वर्षांत एक वहाण फाडली, तीही जुनी. एकदा गुरगुरला. तेव्हा मी याला बांधून काठीने भाकरी ढकलत होतो. त्याच्या जागी मीही गुरगुरलो असतो. याला डोंगरापलीकडे सोडणार असाल, तर मलाही तिकडेच सोडा."

धनगरीण पुढे आली. तिच्या काखेत चार दिवसांचं कोकरू होतं. ते तिने ठिगळ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"दोरी सोडा, बाबा."

शास्त्रीबुवा गाठीपाशी वाकले आणि तिथेच थांबले. आता त्यांना लांडग्याच्या रक्ताची भीती नव्हती. भीती होती ती आपल्याच सात दिवसांची. त्या दोरीने आणि काठीने एक चांगला जीव बिघडला असेल तर? तरीही त्यांनी गाठ सोडली.

ठिगळ्याने कोकराला हुंगलं. कोकरू सरळ त्याच्या पोटाखाली शिरलं आणि दूध शोधत ढुसण्या देऊ लागलं. ठिगळ्याने अवघडून शास्त्रीबुवांकडे पाहिलं, जणू विचारत होता, आता याला काय सांगू? मग हळूच खाली बसून तो कोकराचा कान चाटू लागला.

शास्त्रीबुवांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच मातीत बसले.

"पण म्हातारे, तूच तर म्हणालीस याचे डोळे लांडग्याचे आहेत," पाटील म्हणाले.

"हाईतच की. माज्या सगळ्यांत गुणी कुत्र्याचं बी आसंच व्हतं."

"मग ओढ्यापलीकडे का जाऊन बसलीस?"

"औंदा सुगी लांबली, तुमच्या शिवारात कणसं उभी हाईत अजून. मेंढरं घातली असती, तर चाललं असतं व्हय?"

पाटील उगाचच आपलं पागोटं नीट करू लागले.

त्या संध्याकाळी शास्त्रीबुवांनी पोथी उघडली. ठिगळ्या आत आला, पण दारापाशीच थांबला. शास्त्रीबुवा पोथी घेऊन उठले, दारापाशी गेले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. बऱ्याच वेळाने पानावर एक हनुवटी टेकली. त्या संध्याकाळी पान उलटलं गेलं नाही.

तात्पर्य म्हणून मुलांनी एवढंच लक्षात ठेवावं: कूळ शोधत मागे गेलं, तर प्रत्येकाची वाट कुठेतरी अंधारात हरवते. जीव कसा आहे, हे त्याची दोरी सोडल्यावरच कळतं.