बिराजदारांच्या पंपावरचं लाल बटण

“आता तुम्हीच सांगा अप्पा, यात उणं काय राहिलं?”

रेवणसिद्ध बिराजदारनं विचारलं खरं, पण उत्तरासाठी थांबायला त्याला फुरसत नव्हती. तो पुढं बोलतच राहिला.

मठाच्या ओसरीवर भला मोठा नकाशा पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर गोटे ठेवले होते. मुरगय्या अप्पा मांडी घालून समोर बसले होते. नकाशातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि कळल्याचा आवही ते आणत नव्हते. ते नकाशापेक्षा रेवणच्या तोंडाकडेच जास्त बघत होते.

अप्पांनीच रेवणला लहानपणी दीक्षा दिली होती. बिराजदारांच्या घरात कुठलंही काम अप्पांच्या कानावर घातल्याशिवाय होत नसे.

सोलापूरहून कर्नाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिराजदारांचा पेट्रोल पंप होता. रेवणचे वडील सिद्रामप्पा यांनी तो उभा केला आणि हयातभर चालवला. रेवण शाळेत असताना एक ट्रक मागं घेता घेता पंपाच्या यंत्रावर गेला. यंत्र मुळासकट उपटलं. मोटर चालूच होती, पेट्रोल कारंज्यासारखं उडायला लागलं. मोटरीचा खटका आतल्या खोलीत. सिद्रामप्पा धावले. खटका त्यांनी पाडला, पण तोवर भडका उडाला होता.

जीव वाचला. हात मात्र भाजले, आणि बोटं आखडली ती कायमची.

रेवण इंजिनिअर झाला तो त्या हातांकडे बघत. आखाती देशात तेलाच्या मोठ्या कोठारावर त्यानं नोकरी केली, नाव कमावलं, आणि एक दिवस सगळं सोडून गावी आला. वडिलांना म्हणाला, आपला पंप मी नव्यानं बांधणार. सिद्रामप्पांनी किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

त्या दिवसापासून रेवणच्या अंगात जणू वारं शिरलं. जुन्या गंजक्या टाक्या खणून काढल्या. त्यांच्या जागी टाकीच्या आत टाकी असलेल्या नव्या टाक्या बसल्या. आतली झिरपली तर दोन भिंतींच्या मधला भोंगा लगेच बोंब मारणार. गाडीत पेट्रोल भरताना उडणारी वाफ परत खाली ओढून घेणारा पाइप आला. नळीला असा सांधा बसवला, की नळी टाकीत विसरून कुणी गाडी हाकली तरी सांधा सुटेल आणि दोन्ही तोंडं आपोआप मिटतील. छतावर सौरपत्रे चढले. विजेवरच्या गाड्यांची सोय झाली. पावसाचं पाणी तेल घेऊन ओढ्याला जाऊ नये, म्हणून ते आधी वेगळं करणारी कुंडी बांधली.

हे सगळं सांगताना रेवणचे हात हवेत नाचत होते. शेवटी तर काल सुचलेली गोष्टही त्यानं सांगून टाकली. दुचाकीवाल्यांना ट्रकांच्या मागं तिष्ठत राहावं लागतं, तर त्यांच्यासाठी वेगळी रांग. तिथं पेट्रोल जोरात यावं म्हणून टाकीत आणखी एक मोटर. उद्घाटनाआधी तीही बसवून होईल.

“झोप येते का रे तुला?” अप्पांनी विचारलं.

“नाही येत अप्पा. डोळे मिटले की नवीन काहीतरी दिसतं.”

अप्पा हसले. उद्घाटनाला येतो म्हणाले.

उद्घाटनाच्या सकाळी पंपावर जत्रा भरल्यासारखी गर्दी झाली. हलगी कडाडत होती. झेंडूच्या माळांनी खांब झाकून गेले होते. ट्रकवाले, दुधाच्या गाड्या, मोटारसायकली… पहिला मान आपल्याला मिळावा म्हणून सगळ्यांची चढाओढ लागली होती. सिद्रामप्पा नवं धोतर नेसून खुर्चीत बसले होते, आणि येईल त्याला आखडलेल्या हातांनी नमस्कार करत होते.

अप्पा अनवाणी आले. रेवणनं त्यांना हाताला धरून सगळा पंप दाखवला. नळीला हिसडा देऊन सांधा सुटताना दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंगा वाजवून दाखवला, लोक दचकले आणि मग हसले. रेवणचा ऊर भरून आला होता. लोक त्याच्या वडिलांना सांगत होते, पोरानं नाव काढलं.

नारळ फुटला. दुचाकीच्या रांगेत गावच्या शाळेतल्या शिक्षिका शांभवी म्हेत्रे आपली स्कूटर घेऊन पहिल्या उभ्या होत्या. नळी त्यांच्या टाकीत गेली, आकडे पळायला लागले.

तेवढ्यात अप्पा एका खांबापाशी थांबले. खांबावर तळहाताएवढं लाल बटण होतं.

“हे काय?”

रेवणनं मोठ्या उमेदीनं सांगितलं. कसलंही संकट येऊ दे, हे दाबलं की सगळा पंप जागच्या जागी बंद. वडिलांसारखं खोलीत पळायला नको. असं बटण प्रत्येक बाजूला आहे.

“दाबून बघितलास?”

ठेकेदारानं बटणं बसवली तेव्हाच तपासली होती, रेवण म्हणाला. शिवाय सगळी जोडणी त्यानं स्वतः आखलेली. दाबून बघायची गरजच काय?

“खात्री आहे मला, अप्पा.”

“मग दाब की.”

रेवणनं गर्दीकडं पाहिलं. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

“आत्ता? शुभ कामाला सुरुवात झाली, आणि लगेच बंद पाडायचं? लोक काय म्हणतील…”

अप्पांनी अंगठा पुढं केला आणि बटण दाबलं.

आकडे विझले. गाणं लावलेला कर्णा मध्येच गप्प झाला. छताखालचे दिवे गेले. गर्दीतून ‘अरे, काय झालं’ असा गलका उठला, आणि कुणीतरी पाठीमागून हसलं.

रेवणची कानशिलं तापली. अप्पांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानं त्याचा हात झिडकारला असता. इतक्या दिवसांची मेहनत, सगळ्या गावासमोर… बटणाचा खटका परत ओढायला तो पुढं झाला.

अप्पांनी त्याचं मनगट धरलं. दुसरा हात हलगीवाल्यांकडं वर केला.

हलगी थांबली.

बोलणंही हळूहळू थांबलं. पाऱ्यासारखी चुळबुळणारी गर्दी, पण अप्पांचा हात वर होता तोवर कुणी शब्द काढला नाही.

…

आणि मग रेवणला ऐकू आलं.

गुणगुण. बारीक, एकसुरी, पायाखालून येणारी.

तो दुचाकींच्या रांगेकडं धावला. टाकीच्या तोंडावरच्या लोखंडी झाकणापाशी गुडघ्यांवर बसला, झाकणावर तळहात टेकवला. झाकण थरथरत होतं. वरचं यंत्र विझलेलं, आणि खाली मोटर मात्र पाइपात पेट्रोल रेटत होती. ही तीच मोटर होती, अगदी शेवटी सुचलेली. घाईत तिला वीज दिली होती जनरेटरसाठीच्या वेगळ्या पेटीतून, आणि लाल बटणाची तार त्या पेटीपर्यंत पोचलीच नव्हती.

आज इथलं यंत्र उपटलं असतं, तर पेट्रोल उडतच राहिलं असतं. शाळेच्या बाई तिथंच उभ्या होत्या, हातात स्कूटरचं झाकण घेऊन.

रेवणनं मान वर केली. गर्दीतून सिद्रामप्पा त्याच्याकडं बघत होते. त्यांनाही ती गुणगुण ओळखू आली होती.

रेवण उठला. आधी त्यानं जनरेटरची पेटी बंद केली. मग झाकणाला पुन्हा हात लावून पाहिला. मग लोकांपुढं जाऊन हात जोडले आणि म्हणाला,

“आज पंप सुरू होणार नाही. चूक माझी आहे. नीट करतो आणि मग बोलावतो.”

लोक कुरकुरले. काहींनी आणलेल्या माळा तशाच सोडून काढता पाय घेतला. म्हेत्रेबाईंनी मात्र काय झालं ते विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि नव्या मुहूर्तालाही पहिला नंबर आपलाच म्हणून बजावून गेल्या.

पुढचे दिवस रेवणनं जमिनीत हात घालून काढले. ठेकेदाराला बाजूला बसवून प्रत्येक तार त्यानं स्वतः मागून पुढं तपासली. पहिला उत्साह कुठं गेला नव्हता, उलट वाढला होता. एकेक भाग चालू करायचा, मग बटण दाबायचं, मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. पूर्ण शांतता ऐकू आली की कामगार एकमेकांना टाळ्या देत. सिद्रामप्पाही खुर्ची घेऊन तिथंच बसायला लागले. एका दुपारी ते स्वतः उठले, आणि आखडलेल्या बोटांच्या मुठीनं त्यांनी बटण दाबलं. सगळं थांबलं. म्हातारा लहान पोरासारखा हसला, आणि म्हणाला, पुन्हा चालू कर, पुन्हा दाबतो.

पंप सुरू झाला. वाजतगाजत झाला. म्हेत्रेबाईंच्या स्कूटरची टाकी काठोकाठ भरली.

त्याच संध्याकाळी रेवण मठात गेला. अप्पा बेलाच्या झाडाला पाणी घालत होते. रेवणनं पाय धरले, आणि मनात इतके दिवस घोळत असलेलं शेवटी विचारलं. जोडणी मी आखली, तपासणी ठेकेदारानं केली, आम्हा कुणाला कळलं नाही. तुम्ही तर आयुष्यात एक तार जोडली नाही.

“अप्पा, खरं सांगा. तुम्हाला कसं कळलं?”

अप्पांनी तांब्या खाली ठेवला.

“मला कुठं काय ठाऊक होतं रे… म्हणून तर दाबलं.”