गुळवेलीचे सत्त्व

ज्या वेलीला पाणी मिळत नाही, तिच्या कांडात काय साठते, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

एका खडकाळ गावात भानुमती नावाची वृद्धा वैद्यकी करीत असे. तिची गुळवेल माळावरच्या कडुनिंबावर चढली होती. त्या वर्षी पाऊस चुकला. वेलीने पाने टाकली, कांड बोटाएवढे बारीक झाले. पण तापता तापता त्यातला रस दाट झाला, कडूपणा मुरला. भानुमती येता-जाता त्या वेलीला हात जोडी. शेजारच्या त्र्यंबक वैद्याची गुळवेल मात्र पाटाचे पाणी पिऊन मनगटाएवढी जाड झाली होती.

अशातच राजकन्या तापाने फणफणली. राजाने दोघांकडेही गुळवेलीचे सत्त्व मागितले. दोघांनी कांडे कुटली, पाण्यात कोळली आणि पांढरा साका तळाशी बसू दिला. भानुमतीच्या परातीत मूठभर सत्त्व बसले. त्र्यंबकाच्या परातीत नुसते पाणी उरले. त्याने त्यात तवकिलीच्या कंदाचे पांढरे, बेचव पीठ कालवले आणि तो भानुमतीच्या दारी आला.

"आजी, मूठभरच? ताप राजकन्येला आला आहे की मुंगीला? थोडी तवकील मिसळा. तीही पांढरी, हेही पांढरे. कोणाला कळणार?"

"मला कळेल. आणि ज्याचे नाव घेऊन कुटते, त्याला तर आधीच कळले आहे."

राजवाड्यात त्र्यंबकाने काठोकाठ भरलेला वाडगा ठेवला. भानुमती म्हणाली, "महाराज, आधी चाखून पाहा. कडू नसेल, ते सत्त्व नव्हे."

राजाला हा मत्सर वाटला. त्याने भरलेला वाडगा निवडला. ताप चढतच गेला. मुलगी आईलाही ओळखेना. तेव्हा राणी भानुमतीपुढे पदर पसरून उभी राहिली. वृद्धेने चिमूटभर सत्त्व मधातून चाटवले, थांबून पुन्हा चाटवले. सायंकाळी मुलीच्या कपाळावर घाम फुटला आणि तिने आईला हाक मारली.

राजाने त्र्यंबकाचा वाडगा चाखला. "हे काय आहे?"

"तवकील, महाराज. एवढी जाड वेल, आणि सत्त्वच निघाले नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

राजाने त्याची वैद्यकी बंद केली. पण खरी शिक्षा निराळीच होती. पुढच्या उन्हाळ्यात त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली. त्याने निर्भेळ औषध सिद्ध केले आणि तो तिच्या उशाशी बसला. आईने भिंतीकडे तोंड फिरवले.

"भानुमतीला बोलाव. तुझ्या हातचे नको."

तात्पर्य: सत्त्व सोसण्याने साठते, लाडाने नव्हे, आणि जो त्यात एकदा भेसळ करतो, त्याच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.