तीन वेशी आणि खेमाचं सूत

त्या दिवशीची हवा मोठी चमत्कारिक होती, बरं का. ऊन म्हणावं तर ऊन नव्हतं, ढग म्हणावे तर ढग नव्हते. आभाळ आपलं पातळ ताकासारखं पांढुरकं. वारा घटकाभर उगवतीकडून यायचा, घटकाभर मावळतीकडून, आणि मधेच पडायचा. अशा हवेत घोंगडं अंगावर घ्यावं की खांद्यावर टाकावं, हेच खेमाला कळेना. त्यानं ते घेतलं, तर उकडलं. काढलं, तर शिरशिरी आली. तिसऱ्यांदा घेतलं आणि अर्ध्यावर धरून तो तसाच उभा राहिला.

हा खेमा म्हणजे एक धनगर. त्याच्याकडे साठ मेंढरं, एक बायको आणि एक चाती. चाती म्हणजे लोकर कातायची काडी, खाली चकती असते तिला. ती खेमाच्या हातात सदा फिरत असायची. मेंढरांमागं चालताना फिरायची, बसल्या जागी फिरायची. कातून झालेलं सूत गुंड्यावर गुंडाळायचं आणि गुंडा झोळीत टाकायचा. हात काय करतायत हे खेमा कधी बघत नसे. आपण श्वास घेतो तेव्हा नाकाकडे बघतो का? तसंच.

तर काय झालं, त्या मुलखात दोन वर्षं पाऊस नव्हता. तळं आटलं. मेंढरं चिखल चाटायला लागली. गवत आणि पाणी होतं ते डोंगरापलीकडे. आणि डोंगराच्या खिंडीत होत्या तीन वेशी.

त्या कुणी बांधल्या? फार मागं एक राणी होती. तिला सगळं जागच्या जागी लावून ठेवायची हौस. ज्वारी या मडक्यात, बाजरी त्या मडक्यात. मडकी संपली तशी ती माणसं लावायला बसली. तिनं तीन वेशी बांधल्या. पहिलीतून डोक्यानं चालणाऱ्यांनी जायचं. दुसरीतून काळजानं चालणाऱ्यांनी. तिसरीतून दुसऱ्याच्या मागनं चालणाऱ्यांनी. वेशीत उभं राहून आपण कसले ते सांगायचं. खरं सांगितलं तर पलीकडे हिरवंगार कुरण. खोटं सांगितलं तर वेस धरायची, आणि माणसाचा जागच्या जागी दगड व्हायचा. राणी कधीच गेली, वेशी राहिल्या.

म्हणजे खेमाला आधी हे ठरवायला हवं होतं की आपण कसले.

त्यानं बायकोला विचारलं. तिचं नाव ठकू. ठकू म्हणाली, यात विचारायचं काय, काळजाचे. लंगडं कोकरू तीन कोस उचलून आणलं होतं, तेव्हा कुठं डोकं चाललं होतं तुमचं?

खेमाला ते पटलं. पण ठकूचा भाऊ भिवा तिथंच भाकरी खात बसला होता. तो हसायला लागला. म्हणाला, दाजी आणि काळीज! मेंढरं डावीकडं वळली की दाजी डावीकडं, उजवीकडं वळली की उजवीकडं. माझी बहीण पण यांनी पसंत केली नाही. यांची एक मेंढी आमच्या दारात येऊन बसली, म्हणून हे आले.

खेमाला तेही पटलं. मेंढी बसली होती, हे खरंच होतं.

मग तो पाटलाकडे गेला. पाटील म्हणाला, खेमा, तू डोक्याचा गडी. तळ्याचं पाणी किती दिवस पुरेल हे सगळ्या गावात तू एकट्यानं बरोबर सांगितलंस.

आता ते पण खरं! तीन माणसं, तीन उत्तरं, तिन्ही खरी. खेमाचं डोकं गरगरायला लागलं. जाता जाता तो शेजारच्या लिंबाजी सणगराच्या दारात थांबला. लिंबाजी घोंगड्या विणायचा. खेमानं कातलेलं सूत आजवर त्याच्याच मागावर गेलेलं. खेमानं विचारलं, लिंबाजी, मी कसला माणूस?

लिंबाजीनं मान वर केली नाही. "मला काय ठाऊक," तो म्हणाला. "सूत आण, मग बघू."

हे कसलं उत्तर? खेमा वैतागला, आणि मेंढरं घेऊन निघाला.

एक दिवस वाट कशी तरी गेली. मागं भिवाचं हसणं कानात, ठकूचं बोलणं कानात. दुसऱ्या दिवशी मोठं माळरान लागलं. विचारायला कुणी नाही, सांगायला कुणी नाही. मेंढरं चालली, खेमा चालला, चाती फिरली. तिसऱ्या दिवशी खिंड आली.

तिन्ही वेशी अगदी एकसारख्या. भिंतीवर बसला होता एक म्हातारा सरडा, हा एवढा, कोकराएवढा. तो तिथला राखणदार. आणि वेशींच्या आत कडेकडेनं दगडच दगड, माणसांच्या आकाराचे. एकाच्या डाव्या हातात तपकिरीची डबी, उजव्या हाताची चिमूट नाकापर्यंत नेलेली. तपकीर ओढायची राहिली आणि दगड झाला बिचारा.

खेमा पहिल्या वेशीपाशी गेला. सरड्याला म्हणाला, काका, मी डोक्याचा माणूस असेन ना? सरड्यानं मान हलवली, होय होय होय. खेमा आत पाय टाकणार, इतक्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं विचारलं, की काळजाचा असेन? सरड्यानं मान हलवली, होय होय होय. खेमानं पाय मागं घेतला. अहो, सरडाच तो! सरड्याची मान हलतेच. हे सगळे दगड त्या मानेवर विसंबून आत गेले होते.

मग तो दिवसभर डोकं धरून बसला. मोजून बघितलं, तोलून बघितलं. इकडून धरलं तर हे, तिकडून धरलं तर ते. संध्याकाळपर्यंत नुसतं डोकं दुखलं.

दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या वेशीपाशी गेला आणि छातीवर हात ठेवून ऐकत राहिला. काळीज म्हणालं, धडधड धडधड. आणखी काही म्हणेना.

तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, मेंढरं जातील तिकडं जावं. तो बाजूला झाला आणि म्हणाला, चला, घ्या मला. तर साठच्या साठ मेंढरं उभी राहून त्याच्याच तोंडाकडे बघत राहिली. तो मेंढरांकडे बघतोय, मेंढरं त्याच्याकडे. दुपार झाली.

त्या दुपारी ढवळी खाली बसली. ढवळी म्हणजे भिवाच्या दारात बसली होती ना, तीच मेंढी. आता म्हातारी झाली होती. जीभ बाहेर आली होती तिची. खेमानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. आजच्या आज पाणी मिळालं नाही तर ढवळी उठणार नव्हती. उद्या दुसरी बसली असती, परवा चार. आणि खेमा चुकीचं बोलून दगड झाला, तर साठांना पलीकडे नेणार कोण?

त्याला काही सुचेना. काही सुचेना तेव्हा माणूस काय करतो? नेहमीचं काम करतो. खेमानं चाती घेतली आणि लोकरीसाठी झोळीत हात घातला. लोकर संपलेली. हाताला लागला नुसता सुताचा गुंडा.

मग जन्मात पहिल्यांदा खेमानं आपलं सूत बघितलं, बरं का.

तो गुंडा उलगडत गेला. वरचं सूत इथंच बसून कातलेलं. ते सगळं गाठीगाठीचं, कुठं बोटाएवढं जाड, कुठं तुटून जोडलेलं. त्याच्या आत माळावरचं सूत. आणि ते, काय सांगू, केसासारखं बारीक, एकसारखं, एक गाठ नाही. खेमा बोटांनी चाचपत राहिला. त्या दिवशी माळावर त्यानं वाट सोडून मेंढरं बाभळींच्या सावलीनं नेली होती. मोठं चांगलं केलं होतं ते, नाहीतर उन्हानं तिथंच दोन-चार पडली असती. पण ते ठरवलं कधी? ठरवलेलं त्याला आठवेचना. अजून आत पहिल्या दिवसाचं सूत, पुन्हा गाठी. इथं ठकू बोलली होती. इथं भिवा हसला होता. आणि पाटील बोलला तिथं तर सूत तीनदा तुटलेलं.

खेमा बघत बसला. त्याच्या ध्यानात हळूहळू आलं. मला कुणी विचारलं, की माझं तुटतं. मीच मला विचारलं, तरी तुटतं. आणि हात चालू असला, पाय चालू असले, की मधेच कुठंतरी ठरून जातं. ठरलं ते मला मागनं कळतं.

एवढं त्याला कळलं. पण त्याला वेस कुठली म्हणायची? ते काही कळलं नाही. राणीनं तसली वेस बांधलीच नव्हती.

इतक्यात मांडीवरची ढवळी हलली आणि गुंडा घरंगळला. उताराला लागला आणि लोळत लोळत गेला लांब. आता सूत तर टाकून चालायचं नाही. ठकूनं ती लोकर किती दिवस निवडली होती. खेमानं ढवळीला खांद्यावर घेतलं आणि सुताचं टोक धरून ते चातीवर गुंडाळत चालू लागला. तो दोन पावलं चालला, चार वेढे झाले. मागनं मेंढरं उठली आणि चालायला लागली. खेमाचं लक्ष सगळं सुतात.

"हां, सांग पाव्हण्या," वरनं सरड्याचा आवाज आला. "तू कसला?"

खेमानं वर बघितलं. तो वेशीत उभा होता. अगदी मधोमध. कुठल्या वेशीत? ते त्यानं बघितलंच नव्हतं. मागं फिरायची सोय नव्हती, पायाखालची फरशी गार पडायला लागली होती.

"मला ठाऊक नाही," खेमा म्हणाला. "हात चालू असला की माझं ठरतं. एवढंच आज समजलंय. बाकी मी कसला, ते मला खरंच ठाऊक नाही."

वेस करकरली. तिला धरायचं होतं खोटं. ती शोधायला लागली, इथं खोटं आहे का, तिथं आहे का. खोटं कुठं सापडेना. धरायला काही नाही, तर धरणार कशाला? फरशी पुन्हा ऊन झाली. बाकीची मेंढरं खेमाच्या दोन्ही अंगांनी धावत पलीकडे गेली. खेमानं ढवळीला पाण्याकाठी ठेवलं. ती कितीतरी वेळ पीत राहिली आणि मग आपली आपण उठली.

मग खेमा परत आला. का आला? तो तपकीरवाला दगड त्याच्या मनातून जाईना. तो त्याच्याशेजारी उकिडवा बसला आणि हळूच कानात म्हणाला, "तुलाही ठाऊक नव्हतं, होय ना? मलाही नव्हतं."

दगडाच्या नाकपुड्या हलल्या. मग शिंकला. किती वर्षांची तुंबलेली शिंक ती! सगळी खिंड दणाणली. खरं बोलणं कानात पडलं तशी वेशीची पकड सुटली होती. त्या शिंकेनं शेजारचा जागा झाला, त्याला यानं सांगितलं. त्यानं पुढच्याला सांगितलं. सगळे डोळे चोळत उठले आणि पाण्याकडे गेले.

सरडा वरनं बघत होता. खेमानं विचारलं, काका, तुम्ही कुठल्या वेशीतून जाता? सरडा हिरवा झाला, मग तांबडा झाला, मग मातीसारखा झाला. म्हणाला, मी अजून गेलोच नाही, माझंच कळत नाही मला. खेमा म्हणाला, मग चला. आणि सरडा भिंतीवरून उतरला, मेंढरांच्या मागनं तुरुतुरु गेला.

पुढं गावाकडे पाऊसपाणी झालं. तळं भरलं. खेमा मेंढरं घेऊन घरी आला. ठकूनं विचारलं, कुठल्या वेशीतून गेलात? खेमा म्हणाला, ते बघायचं राहिलं. भिवा हसला, ठकूही हसली, आणि या खेपेला खेमाही हसला. मग तो सूत घेऊन लिंबाजीकडे गेला. लिंबाजीनं त्याचं घोंगडं विणलं. अर्धं बारीक, अर्धं गाठीगाठीचं. खेमाला जरा लाज वाटली. त्यानं विचारलं, गाठी काढता येतील का? अजूनही पुष्कळदा त्याचं सूत तुटायचं, अजून हवा तशी चमत्कारिक असली की घोंगडं घ्यावं का काढावं ते त्याला कळायचं नाही.

तरी सगळे सुखात राहिले, बरं का. ढवळीसुद्धा. आता घ्या पांघरुणं ओढून. पाय आत. डोळे मिटले? मग लिंबाजी काय म्हणाला, तेवढं ऐका. त्यानं ते घोंगडं खेमाच्या अंगावर टाकलं आणि म्हणाला,

"गाठी राहू दे, खेमा. त्या अंगानं ऊब जास्त लागते. पांघर आणि नीज."