आदितू बंदराचं नाव

पाटीवर 'आदित्य बंदर' लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. पाटी रंगवणारा बाहेरचा होता. आमचं 'आदितू' म्हणजे सूर्याचंच नाव असणार, असं त्यानं स्वतःच ठरवलं. तेव्हापासून लोक इथे सूर्यमंदिर शोधत येतात आणि माझ्या होडीतून खाडीभर फिरून हिरमुसले होऊन जातात. तुम्ही त्यातले नाही, तुम्हाला बेड्यांची गोष्ट हवी आहे. कशाला हवी, ते विचारून ठेवतो. माणसं उगाच काही विचारत नाहीत.

वर लोहाराची भट्टी दिसते ना? तिथे कोयता मागा, विळी मागा, मुकाट देईल. पण कडं किंवा साखळी, म्हणजे गोल बंद होणारं काहीही मागितलंत, की भट्टी पेटवण्याआधी तो विचारणार, "कोणाक घालतलास?" आणि वस्तू तयार झाली की आधी तुमच्याच हातापायात अडकवून बघणार. गुराची साखळी असली तरी. बाहेरचे लोक रागावतात. रागावू देत.

फार पूर्वी, असं सांगतात, भात लागोपाठ करपलं आणि लोक रानातले कंद उकडून खात होते. तेव्हा खाडीच्या तोंडाशी एक गलबत येऊन नांगरलं. गलबताचा मुख्य, म्हणजे नाखवा, साखर पेरल्यासारखं बोलायचा. दर्यापलीकडे खजुराच्या बागा आहेत, काम आहे, पोटभर अन्न आहे, बायकापोरांसकट या, असं घरोघर जाऊन सांगे. धाकू लोहाराला त्यानं मोठं कामही दिलं: जोडीजोडीनं कडी, मध्ये आखूड साखळी. वादळात घोडे उधळतात, त्यांचे पाय बांधायला. काही कडी मोठी, काही लहान. लहान शिंगरांसाठी, म्हणाला. उपाशी लोहार कशाला जास्त विचारील? त्यानं भट्टी पेटवली.

धाकूची बायको सगुणा मात्र संशयी. देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खायची म्हणे. तिचा धाकटा भाऊ बाबलो गलबतावर जायला निघाला होता. आईबापामागे तिनंच त्याला वाढवलं होतं. भाता ओढता ओढता ती नवऱ्याला म्हणाली, "घोडे थयसून हय येतत. हयसून थय घोडे कोण व्हरता?"

खरंच होतं ते. अरबी घोडे गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरायचे. इथून तिकडे घोडा गेलेला कोणी पाहिला नव्हता.

धाकू म्हणाला, "तुझी पाल सदाच चुकचुकता." तोवर निम्मी कडी गलबतावर पोचलीही होती.

बाबलो तर ऐकूनच घेईना. "बाये, तू माका हयच उपाशी मारतलंस," म्हणाला आणि उठून गेला. बहिणीला ते फार लागलं. पाणी कुठेतरी मुरतंय एवढं तिला कळत होतं, पण दाखवायला हातात काही नव्हतं. मग तिनं ठरवलं, साऱ्या गावादेखत खरंखोटं करायचं.

जाण्याच्या दिवशी माणसं गाठोडी घेऊन बंदरावर जमली. उरलेली कडी सगुणानं स्वतः डोक्यावरून आणली, नाखव्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मागणाऱ्यान घालून बघल्याशिवाय आमचा लोखंड कोणाच्या हातात जाणा नाय. आदी तू."

असली रीत गावात कधीच नव्हती. तिनं ती तिथल्या तिथे बनवली. नाही म्हटलं तर लोकांना शंका येईल, म्हणून नाखव्यानं हसत पाय पुढे केले. सगुणानं कडी मिटली आणि धाकूनं खिळे ठोकले. दोन्ही घोट्यांवर कडी नीट बसली. "घोड्याला बसतात, मलाही बसली," नाखवा म्हणाला. काही जण हसलेसुद्धा.

तेवढ्यात कडेवर लेक घेऊन निघालेल्या एका बाईनं शिंगराचं म्हणून केलेलं कडं उचललं. तिनं ते लेकीच्या पायाला लावून पाहिलं. ते बरोब्बर बसलं.

मग नाखव्याला पळायचं होतं, पण साखळी आखूड होती. लोकांनी त्याला तिथेच धरलं. ते पाहून खलाशांनी नांगर उचलला, शीड सोडलं आणि स्वतःच्या नाखव्याला टाकून ते निघाले. पुढे त्याचं काय केलं ते कोणी सांगत नाही. मीही खोदून विचारलेलं नाही.

गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. सगुणा भावाला हाताला धरून घरी न्यायला गर्दीत शोधू लागली. तेव्हा शेजारीण खाली बघत म्हणाली, "बाबलो काल सांजेकच गलबतार गेलो. तू अडवतलंस म्हणान तुका सांगूक नाय."

निम्मी कडी त्याच गलबतावर होती, त्याच्याच मेव्हण्यानं घडवलेली.

सगुणा किनाऱ्यावर बसून राहिली. पुढे गावानं तिची ती बनवलेली रीत खरी करून घेतली, आणि तिचे ते शेवटचे दोन शब्द बंदराला चिकटले. बाबलो परत आला नाही. आजही लोहाराच्या घरी बारशाला मामानं वाळे आणायचे नाहीत. चांदीचेही नाहीत. तो रिकाम्या हातानं येतो, बाळाचे दोन्ही पाय ओंजळीत धरतो आणि सोडून देतो.