भागूची गाठ

पाणगव्हाणच्या तळ्याला बांधही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठी भागू नावाची भोईण राहायची. तिच्यासारखी जाळी अख्ख्या पंचक्रोशीत कुणी विणत नसे. तिची गाठ हत्तीलाही तुटायची नाही, असं म्हणतात.

मार्गशीर्ष आला की सासरा म्हादबा तिच्याकडून एक वेगळंच जाळं विणून घ्यायचा.

"मामंजी, एवढ्या मोठ्या भोकांतून मासे निसटतील की!"

"तुला काय करायचंय? मोठ्यांनी सांगितलं ते विण."

ते जाळं तळ्यावर लागायचं त्या आठवड्यात बायकांनी तिकडे जायचं नाही, गेलं तर आसरा, पाण्यातल्या देवता, आत ओढतात, असं म्हातारे सांगायचे. बायका घाबरून घरात बसायच्या.

एका वर्षी भागूची विणायची सुई जाळ्यातच राहिली. ती आणायला भागू पहाटे तळ्यावर गेली आणि जागीच थिजली.

लव्हाळ्यात तिचं जाळं उभं होतं. त्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस उलटे लटकले होते. थंडीत डोंगरांपलीकडून येणारे, तिचे लाडके. काही अजून ओरडत होते. एकाची जोडीदारीण वर घिरट्या घालत होती. भागूनं एका मानेभोवतीची दोरी चाचपली. बोटांनी गाठ ओळखली. तिचीच होती.

काठावर म्हातारे चूल पेटवून हसत बसले होते. आसरा कुठेच नव्हत्या.

पुढच्या मार्गशीर्षात म्हादबानं बजावलं, "जाळं विण, नाहीतर या घरातली चूल तुझी नाही."

भागूनं महिनाभर अंगणात बसून जाळं विणलं. म्हाताऱ्यांनी ओढून ओढून पाहिलं. पण ती गाठ वेगळी होती. माणसानं ओढली तर घट्ट बसायची, पाखरानं पंख झाडले तर सुटायची. असली गाठ तिला कुणी शिकवली, कुणालाच ठाऊक नाही.

पहाटे थवा जाळ्यात शिरला, आणि जाळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवत गेलं! म्हाताऱ्यांच्या हातात नुसती दोरी उरली.

"भागे! एक गाठ राहिली नाही!"

"मामंजी, तुम्ही विण म्हणालात. विणलं. बांधून ठेव कुठं म्हणालात?"

"मग जा त्या पाखरांकडंच!"

भागू खरोखर गेली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. सगळा थवा खाली उतरला आणि तिच्याभोवती इतका दाटला की ती दिसेना. मग थवा उठला. पाण्यात कुणीच नव्हतं. एक तरंगसुद्धा नव्हता.

पुढच्या थंडीत हंस परतले. प्रत्येकाच्या पायात दोरीचा एकेक तुकडा होता, असं म्हणतात. पहिला हंस उतरला तो थेट म्हादबाच्या उंबऱ्यावर. त्यानं पाय पुढे केला. त्या दोरीची गाठ सोडायला म्हाताऱ्याला अख्खी दुपार लागली आणि दुपारभर तो रडत होता.

आज तळं राखीव आहे. पाखरं बघायला लांबून माणसं येतात. पण पहिले हंस उतरले की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पुरुषानं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सगळ्यांदेखत एक गाठ सोडायची. तोवर एकही होडी सुटत नाही.

गाठ बांधायचा मान गावातल्या पोरींचा. त्या ती मुद्दाम घट्ट बांधतात. मग गळ्यात दुर्बिणी अडकवून काठावर उभ्या राहतात आणि ओरडतात, "आजोबा, दात नाही लावायचे!"